ट्रेनरवरचे किलोमीटर कोण मोजतं? इंडोर सायकलिंगला नव्याने बसणाऱ्यांसाठी

जून उजाडला, पावसाने जोर धरला की पुण्या-मुंबईतले, नाशिकचे बरेच सायकलवाले सायकल घरात घेतात. कुणी साधा ट्रेनर आणतो, कुणी कर्ज काढल्यासारखा चेहरा करून स्मार्ट ट्रेनर घेतो, कुणी सोसायटीच्या जिममधली सायकल धरून ठेवतो. आठवडाभरात सगळ्यांना तोच प्रश्न पडतो. सायकल जागची हललीच नाही, मग हे तीस किलोमीटर आले कुठून? त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो. अ‍ॅपमध्ये तीस, घड्याळात सव्वीस, आणि तेवढ्याच वेळात शेजाऱ्याचे पस्तीस कसे?

बाहेर जीपीएस जमिनीवरचं अंतर मोजतं. घरात मोजायला रस्ताच नाही, त्यामुळे आकडा हिशेबाने काढावा लागतो. तो काढायच्या दोन रीती आहेत. एक चाकाच्या फेऱ्यांवरून, दुसरी तुमच्या पायातल्या ताकदीवरून, म्हणजे वॉटवरून. दोन्हींचं उत्तर ‘किमी’ याच नावाने पडद्यावर येतं आणि सगळा घोळ तिथेच होतो. म्हणून कुठलंही अ‍ॅप उतरवण्याआधी आपला किलोमीटर यातल्या कुठल्या रीतीने निघणार आहे ते समजून घ्या. पुढची जोडाजोडी मग फार सोपी जाते.

आधी समोरचं यंत्र ओळखा

तुमच्याकडे यातलं काहीतरी एक असेल.

साधा ट्रेनर : मागचं चाक सायकलला तसंच राहतं आणि एका रोलरवर टेकून फिरतं. याला वीज लागत नाही, अ‍ॅप कळत नाही. अ‍ॅपला काही कळवायचं तर वेगळा स्पीड सेन्सर घ्यावा लागतो.

स्मार्ट ट्रेनर : यातले काही रोलरवाले असतात, पण चांगले बहुतेक डायरेक्ट ड्राइव्ह असतात. म्हणजे मागचं चाक काढून ठेवायचं आणि साखळी थेट ट्रेनरवरच्या कॅसेटवर (मागच्या गिअरच्या चकत्यांवर) चढवायची. हा स्वतःच वॉट मोजतो, अ‍ॅपला कळवतो आणि अ‍ॅपने सांगितलं की चढावासारखा जड होतो. महागड्या ट्रेनरच्या वॉटमध्ये साधारण १ टक्का इकडेतिकडे होतो असं कंपन्या सांगतात. स्वस्तातल्यांत ५ टक्क्यांपर्यंत.

जिमची किंवा घरगुती स्पिन बाइक : हिच्या छोट्या पडद्यावरचे किलोमीटर फारसे मनावर घेऊ नका. बऱ्याच सायकलींमध्ये आत एक चुंबक आणि एक स्विच असतो, फेरी झाली की एक टिचकी, आणि प्रत्येक टिचकीला ठरावीक मीटर. ब्रेकची घुंडी सैल सोडून भराभर पाय फिरवले तरी तेवढेच मीटर, आवळून घाम गाळला तरी तेवढेच. अलीकडच्या काही बाइक ब्लूटूथवरून अ‍ॅपशी बोलतात. विकत घेताना दुकानदाराला ‘एफटीएमएस आहे का’ एवढंच विचारा. फिटनेस यंत्रांनी अ‍ॅपशी कसं बोलायचं याचा तो ब्लूटूथचा ठरलेला नियम आहे. तो असेल तर एकाच कंपनीच्या अ‍ॅपला बांधून राहावं लागत नाही.

फेऱ्यांवरून अंतर : साधा ट्रेनर आणि स्पीड सेन्सर

स्पीड सेन्सर बोटाएवढा असतो आणि चाकाच्या हबला, म्हणजे मधल्या गोल भागाला, रबरी पट्ट्याने बसतो. जुन्या सेन्सरना आऱ्यावर चुंबक लावावा लागायचा, नव्यांना लागत नाही. आत बहुतेक वेळा सीआर२०३२ हा गोल सेल असतो, तो कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो.

बसवायचा मागच्या चाकाला. हे सांगावं लागतं, कारण रस्त्यावर तो पुढच्या चाकाला चालतो आणि लोक तोच तसाच ठेवून ट्रेनरवर बसतात. ट्रेनरवर पुढचं चाक स्थिर, वेग शून्य. डायरेक्ट ड्राइव्हवर मागचं चाकच नसतं, तेव्हा तिथे हा सेन्सर घेऊन काही उपयोग नाही.

आता तो पाठवतो काय? वेग पाठवत नाही, अंतरही नाही. तो फक्त दोन गोष्टी सांगतो : आत्तापर्यंत चाकाच्या एकूण फेऱ्या किती झाल्या, आणि शेवटची फेरी नेमकी कधी पुरी झाली. ही वेळ सेकंदाच्या १०२४ भागांत मोजलेली असते. समजा एका संदेशात एकूण फेऱ्या १२०० होत्या आणि बरोबर एक सेकंदानंतरच्या संदेशात १२०४. म्हणजे सेकंदाला ४ फेऱ्या. चाकाचा घेर २१०५ मिलिमीटर असेल तर ४ गुणिले २.१०५, म्हणजे सेकंदाला ८.४२ मीटर. ताशी ३०.३ किमी. हा गुणाकार अ‍ॅप करतं, सेन्सर नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, सेन्सर ‘एकूण’ फेऱ्या सांगत असल्यामुळे मधले दोन-चार संदेश हवेत विरले तरी अंतर बुडत नाही. संपर्क परत जुळला की मधल्या फेऱ्या आपोआप हिशेबात येतात, वेगाचा काटा तेवढा क्षणभर अडकल्यासारखा दिसतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची : सगळा डोलारा घेराच्या आकड्यावर उभा आहे. तो चुकला की दर किलोमीटर चुकतो.

घेराचे आकडे अ‍ॅपमध्ये टायरच्या मापाने निवडता येतात. टायरच्या कडेला माप छापलेलं असतं. ७००×२३ ला २०९६ मिमी, ७००×२५ ला २१०५, ७००×२८ ला २१३६ हे प्रचलित आकडे आहेत. एमटीबी (माउंटन बाइक) किंवा हायब्रिड असेल तर यादीवर विसंबू नका, घरीच मोजा. टायरमध्ये नेहमीची हवा भरा, व्हॉल्व्ह अगदी खाली आणा, फरशीवर खडूने खूण करा, सायकलवर बसून ती सरळ पुढे न्या, व्हॉल्व्ह पुन्हा खाली आला की दुसरी खूण. मधलं अंतर टेपने मोजा. बसून मोजायचं, कारण वजनाने टायर थोडा दबतो आणि घेर काही मिलिमीटरने घटतो. खरा घेर २०५५ असताना अ‍ॅपमध्ये २१०५ राहिला तर आकडा जवळपास अडीच टक्के फुगतो. चाळीस किलोमीटरला एक किलोमीटर फुकट.

पण घेर मिलिमीटरपर्यंत बरोबर असला तरी फेऱ्यांच्या हिशेबात एक भोक राहतंच, आणि ते गिअरचं आहे. पुढे ५० दात्यांची चकती, मागे १७, पायाची गती मिनिटाला ८५. मागचं चाक मिनिटाला २५० वेळा फिरेल आणि वेग दिसेल ताशी ३१.६ किमी. आता पाय तसेच ठेवा, पुढची चकती तेवढी ३४ ची घ्या. चाक फिरेल १७० वेळा, वेग ताशी २१.५. रस्त्यावर हा फरक खरा असतो, कारण मोठ्या गिअरला हवेचा मार खावा लागतो. स्मार्ट ट्रेनर मात्र ‘अर्ग’ मोडमध्ये असेल, म्हणजे अ‍ॅपने त्याला ‘काहीही होवो, १५० वॉटच ठेव’ असं सांगितलं असेल, तर दोन्ही गिअरमध्ये पायांना तितकंच काम पडतं. काम सारखं, घाम सारखा आणि तासाभरात अंतरात दहा किलोमीटरचा फरक. ‘अ‍ॅपमध्ये तीस आणि घड्याळात सव्वीस’ या कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं. घड्याळाने किंवा सायकल कॉम्प्युटरने ट्रेनरचं फिरतं चाक मोजलं, अ‍ॅपने मोजलं काहीतरी वेगळंच. ते काय, ते आता.

वॉटवरून वेग : झ्विफ्टसारखी अ‍ॅप

झ्विफ्ट, मायहूश, रूव्ही ही अ‍ॅप पडद्यावर रस्ता दाखवतात आणि त्यावरून तुमचा अवतार पळवतात. झ्विफ्ट पैसे देऊन, मायहूश मोफत. मायहूशला ‘फुकटातलं’ म्हणून नाक मुरडायचं कारण नाही, २०२४ ची यूसीआयची (सायकलिंगच्या जागतिक संघटनेची) ई-स्पोर्ट्स जागतिक स्पर्धा त्याच्यावरच झाली. पहिली स्पर्धा २०२० साली झ्विफ्टवर झाली होती.

या अ‍ॅपना तुमचं चाक किती फिरलं याच्याशी घेणंदेणं नाही. ती ट्रेनरकडून वॉट घेतात आणि विचारतात : एवढ्या वजनाचा, एवढ्या उंचीचा माणूस एवढ्या वॉटमध्ये या चढावर खरोखर किती वेगाने गेला असता? मग टायरचं घर्षण, हवेचा विरोध आणि चढ या तिघांचा हिशेब मांडून वेग ठरतो, आणि सेकंदासेकंदाला तो वेग जोडून अंतर.

हा हिशेब कागदावर करून पाहण्यासारखा आहे. समजा माणूस ७५ किलोचा, सायकल ८ किलोची, रस्ता सपाट, वारा नाही. नेहमीचे ढोबळ आकडे घातले तर १०० वॉटला ताशी सुमारे २६ किमी वेग निघतो. ताकद दुप्पट करून २०० वॉट लावले तर वेग दुप्पट होत नाही, कसाबसा ३४ च्या घरात जातो. हवेला तोंड द्यायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणून. नवख्यांना हे कळत नाही आणि ‘एवढा जीव काढला तरी वेग वाढेना’ म्हणून ट्रेनरवर खापर फुटतं.

चढावर हिशेब एकदम पालटतो. झ्विफ्टमध्ये फ्रान्सच्या प्रसिद्ध आल्प द्यूएझ घाटाची नक्कल आहे, नाव आल्प दु झ्विफ्ट. २१ वळणं, १२.२ किमी लांबी, हजार मीटरहून थोडा जास्त चढ. आपल्या त्याच ७५ किलोच्या माणसाने २०० वॉट धरून ठेवले तर वर पोचायला साधारण सव्वा तास लागेल. तेवढ्याच वेळात, तेवढ्याच ताकदीत तो सपाटीवर ४२ किलोमीटर गेला असता. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने ‘आज १२’ टाकलं आणि दुसऱ्याने ‘आज ४२’, तर दोघांनी नेमकं सारखंच काम केलेलं असू शकतं. गंमत पुढे आहे. घाटमाथ्यावरून अवतार खाली सोडला की पाय न हलवता बारा किलोमीटर मिळतात. लोक उतरून पाणी भरून येतात, अवतार बिचारा उतरतच असतो.

आता सेटिंग. अ‍ॅपमध्ये पहिल्यांदा शिराल तेव्हा वजन आणि उंची विचारली जाते. दोन्ही खरी घाला. चढावर वेग जवळजवळ पूर्णपणे किलोमागे किती वॉट यावर ठरतो, त्यामुळे वजनातले पाच किलो खोडले की घाट पटकन सपाट होतो. शर्यतीत असं करणाऱ्यांना ‘वेट डोपिंग’ हे नाव मिळालेलं आहे. वरच्या पातळीच्या शर्यतींत वजनाचा व्हिडिओ मागतात, आणि दोन वेगळ्या वॉटमापकांवर एकाच वेळी राइड नोंदवायला लावतात. वजन काट्यावर बदललं की अ‍ॅपमध्येही बदलायचं. गणपतीनंतर विशेषतः.

झ्विफ्टमध्ये ‘ट्रेनर डिफिकल्टी’ नावाची एक पट्टी असते, ती मुळात ५० टक्क्यांवर असते. ती कमी केली की वेग वाढतो असा पुष्कळांचा समज आहे. तसं नाही. ती फक्त चढ पायांना किती जाणवावा हे ठरवते. तेवढेच वॉट लावले तर वेग तेवढाच. वेगावर खरा परिणाम होतो तो दुसऱ्याच्या मागे चिकटून राहिल्याचा, कारण खऱ्या रस्त्यासारखी इथेही पुढच्याची ओट, म्हणजे वाऱ्यापासून आडोसा, मिळते; आणि अवतार टाइम ट्रायलच्या सायकलवर बसवला असेल तर झ्विफ्टमध्ये ती ओट मिळत नाही. शेजाऱ्याचे पस्तीस बहुधा मोठ्या घोळक्यात लपून निघालेले असतात.

साधा ट्रेनर असलेल्यांनी हिरमुसायचं कारण नाही. झ्विफ्टमध्ये स्पीड सेन्सर जोडून आपल्या ट्रेनरचं मॉडेल यादीतून निवडता येतं. प्रत्येक मॉडेलचा ‘या वेगाला एवढे वॉट’ असा तक्ता असतो, त्यावरून अ‍ॅप तुमचे वॉट अंदाजाने काढतं आणि मग त्या वॉटवरून पुन्हा आभासी वेग. म्हणजे वेगावरून वॉट, वॉटवरून वेग. या द्राविडी प्राणायामात अंदाज दोनदा होतो, त्यामुळे टायरमधली हवा आणि रोलर चाकाला किती आवळला आहे हे दर वेळी सारखं ठेवा. रोलर सैल असला तर चाक भन्नाट फिरतं आणि अ‍ॅपला वाटतं तुम्ही पैलवान आहात.

जोडणी

सेन्सर आणि अ‍ॅप एकमेकांशी ब्लूटूथने किंवा अँट प्लस या दुसऱ्या बिनतारी पद्धतीने बोलतात. फोन, टॅब, टीव्ही बॉक्सवर ब्लूटूथ पुरतं. लॅपटॉपवर अँट प्लस हवं असेल तर छोटी यूएसबी डोंगल लागते.

पहिल्यांदा जोडताना हा क्रम ठेवा.

१. ट्रेनर चालू करून दोन-चार पॅडल मारा. बरेच सेन्सर हलल्याशिवाय जागेच होत नाहीत.

२. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन ट्रेनर ‘पेअर’ करू नका. जोडायचं ते अ‍ॅपच्या आतून. सुरुवातीला सगळे इथेच अडखळतात.

३. झ्विफ्टच्या जोडणीच्या पडद्यावर वॉटचा स्रोत, कॅडन्स (पायाची गती), ट्रेनरवर ताबा आणि हार्ट रेट असे वेगवेगळे चौकोन असतात. स्मार्ट ट्रेनर असेल तर वॉट आणि ताबा या दोन्ही जागी तोच दिसला पाहिजे. ताब्याचा चौकोन रिकामा राहिला तर वेग नोंदला जाईल पण चढ पायांना कळणार नाही.

४. दहा मिनिटं चालवून ट्रेनर गरम झाला की त्याच्या कंपनीच्या अ‍ॅपमधून ‘स्पिन डाउन’, म्हणजे वॉटच्या मापाची जुळवणी, करून घ्या. रोलरवाल्याला हे वारंवार लागतं. काही नवे डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर स्वतःच जुळवून घेतात.

ट्रेनर सापडतच नसेल तर कारण नव्वद टक्के वेळा एकच : दुसरं कुणीतरी त्याला आधीच धरून बसलंय. बरेच ट्रेनर ब्लूटूथवर एका वेळी एकाच उपकरणाशी बोलतात. सकाळी स्पिन डाउन केलेलं कंपनीचं अ‍ॅप फोनमध्ये मागे चालूच राहिलेलं असतं आणि लॅपटॉपवरचं झ्विफ्ट शोधत बसतं. ते अ‍ॅप पूर्ण बंद करा, नाहीतर फोनचं ब्लूटूथच बंद करून बघा. अँट प्लसला ही अडचण नाही, ते आकाशवाणीसारखं सर्वांसाठी सांगत राहतं, ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं. घड्याळ आणि लॅपटॉप दोघांना एकाच वेळी आकडे हवे असतील तर एकाला अँट प्लसवर घ्या.

मधेच संपर्क तुटत असेल तर खोलीकडे बघा. ब्लूटूथ, अँट प्लस आणि बरेचसे वायफाय २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात गर्दी करतात, मायक्रोवेव्हही तिथेच. राउटर ट्रेनरपासून लांब न्या, वायफाय ५ गिगाहर्ट्झवर टाका, डोंगल यूएसबीच्या लांब वायरने ट्रेनरजवळ आणा. वॉटवर चालणाऱ्या अ‍ॅपमध्ये तुटलेला संपर्क महागात पडतो. फेऱ्या मागाहून भरून निघतात, पण न मिळालेले वॉट अ‍ॅप शून्य धरतं आणि अवतार हळूहळू थांबतो. तुम्ही जीव तोडून पॅडल मारत असता आणि मागून घोळका निघून जातो.

राइड संपल्यावर फाइलमध्ये काय जातं

‘सेव्ह’ दाबलं की अ‍ॅप एक फाइल बनवतं. सहसा ती ‘फिट’ प्रकारची असते. गार्मिनकडून आलेला हा प्रकार आता सायकलिंगमध्ये सगळीकडे चालतो. आत साधारण दर सेकंदाची एक ओळ : वेळ, वॉट, कॅडन्स, हृदयाचे ठोके, त्या क्षणाचा वेग, आत्तापर्यंतचं एकूण अंतर, उंची, आणि अक्षांश-रेखांश. शेवटी गोषवारा.

अक्षांश-रेखांश? घरात? हो. झ्विफ्टचं वातोपिया हे काल्पनिक बेट फाइलमध्ये प्रशांत महासागरात सॉलोमन बेटांच्या भागात ठेवलेलं आहे. म्हणून कोथरूडच्या बेडरूममध्ये केलेली राइड नकाशावर समुद्रात उमटते आणि मावशी फोन करून विचारते, ‘अरे, कळवलं नाहीस जाताना?’ अ‍ॅपमधली लंडन, न्यूयॉर्कसारखी शहरं मात्र त्या त्या खऱ्या शहरांवरच दिसतात.

फाइलचे आणखी दोन प्रकार भेटतील. टीसीएक्समध्ये अंतर आणि वेळ नीट जाते. जीपीएक्समध्ये मुळात फक्त जागा आणि वेळ असते, अंतर वाचणाऱ्याने नकाशावरून काढायचं. त्यामुळे नकाशाशिवायची घरातली राइड जीपीएक्समध्ये काढली तर हातात काही राहत नाही. निवड असेल तर फिटच घ्या.

अ‍ॅप मधेच बंद पडलं, लाइट गेली, तर लगेच डोकं धरू नका. कॉम्प्युटरवर झ्विफ्ट ‘डॉक्युमेंट्स’मधल्या आपल्या फोल्डरात ‘अ‍ॅक्टिव्हिटीज’ नावाचं खण ठेवतं आणि चालू राइडची फाइल तिथे लिहिली जात असते. ती उचलून स्ट्राव्हाच्या, म्हणजे राइड नोंदवून इतरांना दाखवायच्या सेवेच्या, वेबसाइटवर हाताने चढवता येते. मात्र झ्विफ्ट परत उघडण्याआधी तिची एक प्रत दुसरीकडे ठेवा.

स्ट्राव्हावर पाठवणं

बहुतेकांना राइड शेवटी स्ट्राव्हावर हवी असते. जोडणी एकदाच करायची. झ्विफ्ट किंवा मायहूशच्या खात्यात, ‘कनेक्शन’ किंवा तत्सम नावाखाली स्ट्राव्हा निवडा. तुम्हाला स्ट्राव्हाच्या पानावर नेलं जाईल, तिथेच लॉगिन करा. पासवर्ड स्ट्राव्हालाच द्यायचा असतो, दुसऱ्या अ‍ॅपला कधीच नाही. मग परवानग्यांची यादी येते. राइड चढवण्याची परवानगी द्यावीच लागते. खाजगी राइड वाचण्याची परवानगी मागत असेल तर जरा थांबून विचार करा, नुसतं चढवायला तिची गरज नसते.

यानंतर राइड सेव्ह झाली की फाइल आपोआप जाते आणि तिथे ‘व्हर्च्युअल राइड’ म्हणून दिसते. ही खूण महत्त्वाची आहे. व्हर्च्युअल राइड खऱ्या रस्त्यांच्या सेगमेंटवर, म्हणजे वेळेची चुरस लागते त्या ठरावीक तुकड्यांवर, मोजली जात नाही. आभासी रस्त्यांचे सेगमेंट वेगळे असतात. तेव्हा सिंहगडावर कुणाचा विक्रम तुम्ही बेडरूममधून मोडू शकणार नाही, आणि ते बरंच आहे. महिन्याच्या चॅलेंजमध्ये आभासी किलोमीटर धरतात की नाही हे त्या त्या चॅलेंजच्या नियमांत लिहिलेलं असतं.

एकच राइड दोनदा दिसत असेल तर तुम्ही ती दोन ठिकाणी नोंदवली आहे. अ‍ॅपनेही पाठवली आणि घड्याळानेही. एक ठेवा, एक काढा. कुठली ठेवायची? स्मार्ट ट्रेनर असेल तर अ‍ॅपची, कारण त्यात वॉट आणि वेग एकमेकांना धरून आहेत. घड्याळ फक्त ठोक्यांसाठी बांधत असाल तर त्याचे ठोके थेट अ‍ॅपमध्ये पाठवता येतात का बघा, बऱ्याच घड्याळांत ‘ब्रॉडकास्ट हार्ट रेट’ अशी सोय असते. मग घड्याळात वेगळी राइड सुरूच करू नका.

स्ट्राव्हाचं फोन अ‍ॅप चालू करून फोन हँडलला लावायचा आणि घरात पॅडल मारायचे, हा प्रकार मात्र टाळा. फोनच्या अ‍ॅपने स्पीड सेन्सर जोडायची सोय २०१९ साली काढून टाकली. उरतं फक्त जीपीएस, आणि छताखाली ते इकडेतिकडे भरकटतं. शून्य किलोमीटर तरी येतात किंवा तुमच्या इमारतीवर कोंबडीच्या पायांसारख्या रेघोट्या. त्या रेघोट्यांसोबत घराचा पत्ताही जगजाहीर होतो.

कुणाला काय दिसतं

नकाशा समुद्रातला असला की लोकांना वाटतं यात लपवण्यासारखं काय आहे. जागेचा प्रश्न खरंच कमी आहे. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हाच्या जागतिक नकाशावर लष्करी तळांवरच्या जवानांच्या धावण्याच्या वाटा उजळून दिसल्या आणि मोठा गदारोळ झाला, तसं आभासी राइडने होत नाही. पण दुसरे आकडे बोलतात. झ्विफ्टमध्ये तुमच्या नावापुढे किलोमागे वॉट सगळ्यांना दिसतात. स्ट्राव्हावर सरासरी वॉट दिसतात. समजा सरासरी १८० वॉट आणि किलोमागे २.४ : १८० ला २.४ ने भागा, ७५ किलो. वजन कुणाला सांगायचं नसेल तर दोन्ही आकडे उघडे ठेवू नका. वेळेचंही तसंच : रोज पहाटे साडेपाचला सुरू होणारी आणि दिवाळीच्या आठवड्यात अचानक बंद पडलेली राइड, घर रिकामं असल्याचं सांगून जाते.

म्हणून स्ट्राव्हाच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये नवी राइड मुळात कुणाला दिसावी ते ठरवून टाका : सगळ्यांना, फक्त फॉलोअरना, की फक्त स्वतःला. मी नव्यांना पहिला महिना ‘फक्त स्वतःला’ ठेवायला सांगतो. आकडे रुळेपर्यंत लोकांच्या टाळ्या नकोत. एखाद्या राइडमधले वॉट, ठोके, सुरुवातीची वेळ वेगवेगळी लपवायची सोयही तिथे आहे. झ्विफ्टच्या बाजूनेही सेव्ह करताना ही निवड येते, आणि दोन्हीकडची सेटिंग स्वतंत्र असतात.

महिन्या-दोन महिन्यांनी स्ट्राव्हाच्या सेटिंगमध्ये ‘माय अ‍ॅप्स’ उघडून बघा. कधीतरी एका चॅलेंजसाठी, कंपनीच्या वेलनेस योजनेसाठी, टी-शर्टच्या लालसेने जोडलेली अ‍ॅप तिथे बसलेली असतात आणि तुमच्या राइड वाचत असतात. नको त्याचा परवाना तिथेच काढून घेता येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्ट्राव्हाने नियम कडक केले. जोडलेल्या अ‍ॅपने तुमची माहिती फक्त तुम्हालाच दाखवायची, इतर वापरकर्त्यांना नाही, असं त्यात आहे. तरीही आधी घेतलेली माहिती तुम्ही परवाना काढल्याने त्यांच्याकडून पुसली जाईलच असं धरू नका. त्यासाठी त्या अ‍ॅपमधलं खातंच बंद करायला सांगावं लागतं.

बीआरएमवाल्यांसाठी

पावसात घरी बसून २०० किमीच्या बीआरएमची (ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडची) तयारी करणारे बरेच असतात. आभासी किलोमीटर बीआरएममध्ये धरत नाहीत, हे उघडच आहे. पण तयारीतही ते धरू नका. २०० किमीला साडेतेरा तास मिळतात, तेव्हा सवय लावायची ती तासांची. आठवड्याच्या वहीत अंतराचा रकाना ठेवायचाच असेल तर शेजारी वेळ आणि किलोज्यूल लिहा. किलोज्यूल म्हणजे वॉट गुणिले सेकंद, भागिले हजार. २०० वॉट तासभर म्हणजे ७२०. हा आकडा गिअर, घाट, वजन, घोळका कशानेही फुगत नाही. ट्रेनर बदलला तर मात्र पहिले काही दिवस जुन्या आकड्यांशी ताडून बघा. दोन ट्रेनर एकाच पायाला दहा-पंधरा वॉटने वेगळं मोजू शकतात, आणि नवा कमी दाखवतो तेव्हा तो बिघडलेला असतोच असं नाही.